नंदास पत्र: न्यूयॉर्कच्या आयरिश बायकांविषयी

सातारा
रविवार

प्रिय नंदा,

तुझं पत्र मिळालं. तुमच्या मंडळाने दुष्काळनिधी जमवला, घरोघरी जाऊन पैसे आणले ते बायकांनी आणि धनादेश देतानाच्या फोटोत मात्र सगळे पुरुष, हे वाचून तुझ्याइतकाच मलाही संताप आला. शेवटी तू विचारलंस, ‘परदेशात गेलेल्या बायकांच्या वाट्याला एवढंच का गं? जमवा आणि बाजूला व्हा?’ दोन ओळींत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही. बी.ए.च्या वर्गाला आयर्लंड शिकवायला घेतलं तेव्हापासून मी अमेरिकेत गेलेल्या आयरिश बायकांबद्दल मिळेल ते वाचत सुटले आहे. तुझा प्रश्न त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी जगून पाहिला, म्हणून आज निवांत बसून सगळं लिहिते.

आधी त्या मुली अमेरिकेत आल्या कशा ते सांगते. १८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि साथींनी गेली, आणि जवळपास तितक्यांनीच देश सोडला. ते दुष्काळाचं पर्व ओसरलं तरी बोटी भरून जातच राहिल्या. आधीच तुटपुंज्या असलेल्या शेताचे आणखी तुकडे नकोत म्हणून ते एकाच मुलाच्या नावावर करायचे आणि हुंडा एकाच मुलीपुरता जमवायचा, अशी घरोघरची रीत पडली. बाकीच्या मुलींनी काय करायचं? बोट धरायची. युरोपातल्या इतर बहुतेक देशांतून बाया गेल्या त्या नवऱ्याच्या नाही तर बापाच्या मागोमाग. आयर्लंडमधून मात्र लग्न न झालेल्या मुली एकेकट्या निघाल्या, आणि त्याही पुरुषांच्या बरोबरीने. आधी गेलेली बहीण पैसे साठवून धाकटीचं तिकीट पाठवायची, धाकटी तिच्या पाठच्या बहिणीचं.

बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाच्या सुखवस्तू घरांत त्या मोलकरणी म्हणून राहिल्या. पोटमाळ्यावरची खोली, पहाटे चूल पेटवण्यापासून रात्री भांडी आवरेपर्यंत काम, आणि सुट्टी म्हणजे बहुधा गुरुवारची दुपार आणि एखादा रविवार. मुलीचं नाव काहीही असो, मालकीण तिला सरसकट ‘ब्रिजेट’ म्हणायची, आणि तिच्या वेंधळेपणाची व्यंगचित्रं मासिकांत छापून यायची. पण राहणं-जेवण मालकाकडे असल्यामुळे पगार हातात उरायचा, आणि तो गावी जायचा. गावी तो कुठे जायचा? आईबापांचं खंडाचं देणं भागवायला. म्हणजे बोस्टनमधल्या मुलीने पोटाला चिमटा काढून साठवलेला डॉलर मायो नाही तर गॉलवेमधल्या जमीनदाराच्या तिजोरीत पडायचा. हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. जमिनीचा प्रश्न तिच्यासाठी दूरदेशीचा नव्हता, तिच्याच पगारावर तो पोसला जात होता. लोक म्हणतात, मोलकरणींनी जमिनीच्या चळवळीला ‘मदत’ केली. मला ते पटत नाही. त्या स्वतःच त्या भांडणातल्या पक्षकार होत्या.

आता पार्नेल घराण्याकडे येते. चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल तुला आठवत असेल, आपल्या क्रमिक पुस्तकात आयरिश होमरूलच्या संदर्भात एका ओळीत यायचा. त्याची आई डेलिया अमेरिकन, एका नामांकित नौदल अधिकाऱ्याची मुलगी. न्यू जर्सीत डेलावेअर नदीकाठच्या बॉर्डनटाउनला तिच्या माहेरचं घर होतं. तुझ्या घरापासून ते गाव फार लांब नसावं. १८७९ च्या ऑक्टोबरमध्ये, खंड कमी व्हावा आणि जमीन कुळांच्या हाती यावी म्हणून, डब्लिनला लँड लीग स्थापन झाली, मायकेल डेव्हिटच्या पुढाकाराने आणि पार्नेलच्या अध्यक्षतेखाली. त्या वर्षी पीक बुडालं होतं, पुन्हा उपासमारीची चिन्हं दिसत होती. १८८० च्या सुरुवातीला पार्नेल अमेरिकाभर भाषणं करत हिंडला, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहासमोरही बोलला. त्याची चरित्रं या दौऱ्यावर पानंच्या पानं खर्च करतात. त्याच दिवसांत न्यूयॉर्कच्या निधी कचेरीत त्याच्या दोन बहिणी, फॅनी आणि ॲना, पत्रांना उत्तरं देत, पावत्या फाडत, हिशेब जुळवत बसल्या होत्या.

फॅनी कवयित्री होती. पीक सोडू नका, हातचं धान्य जमीनदाराला नेऊ देऊ नका, असं शेतकऱ्यांना बजावणारी तिची कविता १८८० मध्ये गाजली. डेव्हिटने तिला आयरिश शेतकऱ्यांचं ‘मार्सेयेज’ म्हटलं, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या गीतासारखं त्यांचं गीत. पण मला फॅनी आवडते ती कवितेपेक्षा एका पत्रामुळे. अमेरिकेतल्या आयरिश स्त्रियांनी आपली स्वतंत्र लीग काढावी, असं जाहीर आवाहन तिने वर्तमानपत्रांतून केलं, आणि १८८० च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला ‘लेडीज लँड लीग’ उभी राहिली. तिशी नुकतीच ओलांडलेली, तब्येतीने नाजूक बाई. डेलिया अध्यक्ष झाली. ‘आयरिश वर्ल्ड’चा संपादक पॅट्रिक फोर्ड याची बहीण एलन फोर्ड हिनेही पुढे होऊन काम उचललं. बघता बघता शहराशहरांत शाखा निघाल्या. हॉलमध्ये सभा भरवायच्या, खुर्चीवर बसून ठराव मांडायचे, इतिवृत्त लिहायचं, पैसे मोजून पाठवायचे. सबंध आठवडा दुसऱ्याच्या घरात ‘होय बाईसाहेब’ म्हणणारी मुलगी सुट्टीच्या दिवशी हात वर करून आपलं मत नोंदवत होती. आणि हे कधी, तर अमेरिकेतल्या स्त्रियांना देशभर मताधिकार मिळायला अजून चाळीस वर्षं होती तेव्हा.

न्यूयॉर्कची शाखा आधी आणि डब्लिनची नंतर, हा क्रम तू लक्षात ठेव. १८८१ च्या जानेवारीअखेर डेव्हिटच्या आग्रहावरून ॲनाने आयर्लंडमध्ये तशीच लीग उभारली. पुढाऱ्यांना अटक होणार हे दिसत होतं आणि मागे कोणीतरी काम चालवायला हवं होतं. मार्चमध्येच डब्लिनच्या आर्चबिशप मॅककेबनी बायकांनी असं चव्हाट्यावर येणं शोभत नाही म्हणून निषेध केला. ऑक्टोबरमध्ये पार्नेल किल्मेनहॅमच्या तुरुंगात गेला, पुरुषांच्या लीगवर बंदी आली, आणि सगळा गाडा बायकांच्या अंगावर पडला. शेतातून हुसकावलेल्या कुटुंबांसाठी लाकडी झोपड्या उभारणं, कैद्यांच्या घरच्यांना पैसे पोचवणं, कुठल्या गावात किती खंड थकलाय आणि कोणाला बेदखल केलंय याची नोंद ठेवणं, हे त्यांनी चोख केलं. सरकारने त्यांना पकडलं तेव्हा कलम कुठलं लावलं ठाऊक आहे? चौदाव्या शतकातला, वेश्या आणि भुरट्यांवर वापरायचा कायदा. पुढारी राजकीय कैदी म्हणून सवलतीत राहिले, या बायका साध्या गुन्हेगारांसारख्या आत गेल्या. त्यांच्या कामाला राजकारण म्हणायलाच सरकार तयार नव्हतं.

१८८२ च्या मे महिन्यात पार्नेल सरकारशी समेट करून बाहेर आला. आता त्याला ही बायकांची लीग नको होती, ती फार कडक झाली होती. तिच्या डोक्यावर बँकेचं कर्ज होतं. ते फेडण्यासाठी संघटना मोडण्याची अट घातली गेली, आणि ऑगस्टमध्ये ती मोडली. सख्ख्या भावाने हे केलं. ॲना त्यानंतर त्याच्याशी कधी बोलली नाही. पुढे ती इंग्लंडमध्ये नाव बदलून राहिली आणि १९११ मध्ये इल्फ्राकूमच्या समुद्रात पोहताना बुडून गेली. लीगच्या त्या दिवसांची हकीकत तिने लिहून ठेवली होती. ती छापून निघायला १९८६ साल उजाडलं.

फॅनीला हा शेवट बघावा लागला नाही. १८८२ च्याच २० जुलैला ती बॉर्डनटाउनच्या घरात अचानक गेली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. बोस्टनजवळ माउंट ऑबर्नच्या दफनभूमीत तिला पुरलं आहे.

आणखी एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. ओहायोतल्या क्लीव्हलंड शहरी लेडीज लँड लीगची शाखा होती. तिथल्या बिशप गिल्मरना ती खटकली. स्त्रियांनी घर सोडून राजकीय सभा घेणं मर्यादेला धरून नाही, असं त्यांनी बजावलं. बायका हटल्या नाहीत. तेव्हा १८८२ मध्ये त्यांनी त्या बायकांना धर्मबहिष्कृत केलं. परक्या मुलुखात एकट्या राहणाऱ्या कॅथलिक मुलीला चर्च म्हणजे काय, याचा विचार कर. ओळखीपाळखीची माणसं तिथे, अडीनडीला धावून येणारी तिथे, लग्न तिथे, मयत तिथे. ते दार बंद होऊनही त्यांनी सभा चालू ठेवल्या. महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्याला ग्रामण्य, वाळीत टाकणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. या बायकांचं धैर्य मला पार्नेलच्या संसदेतल्या भाषणांहून मोठं वाटतं.

मधली तीसेक वर्षं मी भरभर ओलांडते. तेव्हाही पुष्कळ घडलं, पण ते पुढाऱ्यांच्या आपसांतल्या फाटाफुटीचंच जास्त आहे. १९१४ मध्ये डब्लिनला ‘कुमन ना मान’ ही स्त्रियांची संघटना निघाली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्येही तिची शाखा झाली. ग्लासगोच्या मार्गारेट स्किनिडरची गोष्ट मात्र थांबून सांगायलाच हवी. आईबाप आयरिश, जन्म स्कॉटलंडमधला, शाळेत गणित शिकवायची. १९१५ च्या नाताळात ती बोटीने डब्लिनला गेली ती टोपीत बॉम्बचे डिटोनेटर लपवून आणि अंगाभोवती कोटाखाली तारा गुंडाळून. खोलीतल्या गरम पाण्याच्या नळांनी ते उडतील या भीतीने ती कडाक्याच्या थंडीत रात्रभर डेकवर राहिली. १९१६ मध्ये डब्लिनला ब्रिटिश सत्तेविरुद्ध झालेल्या ईस्टरच्या उठावात ती बंदूक घेऊन लढली आणि तीन गोळ्या लागूनही वाचली. स्वतंत्र आयर्लंडकडे तिने जखमी सैनिकाचं निवृत्तिवेतन मागितलं, तर १९२५ मध्ये उत्तर आलं की कायद्यातला ‘सैनिक’ म्हणजे पुरुष. ते वेतन मिळायला १९३८ उजाडलं.

त्याच उठावाच्या आठवड्यात, २६ एप्रिल १९१६ ला, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या डब्लिनच्या हॅना शीही-स्केफिंग्टनच्या नवऱ्याला एका ब्रिटिश कप्तानाच्या हुकमावरून बराकीत गोळ्या घातल्या. तो शांततावादी होता, लुटालूट थांबवायला रस्त्यावर उतरला होता. सरकारने दहा हजार पौंड भरपाई देऊ केली, ती तिने नाकारली. लहानग्या मुलाला घेऊन, खोट्या नावाने ती अमेरिकेत आली आणि दीड वर्ष गावोगाव बोलत राहिली. १९१८ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना भेटून तिने आयर्लंडचा अर्ज त्यांच्या हातात दिला. आणि काय योग बघ, उठाव चालू असताना त्याच आठवड्यात इकडे बेळगावला टिळकांची होमरूल लीग स्थापन होत होती. ते नाव थेट आयर्लंडकडून आलेलं.

आता न्यूयॉर्कच्या धक्क्याकडे येते. मला सगळ्यात जास्त लिहायचंय ते याच्याबद्दल.

१९२० चा उन्हाळा. आयर्लंडमध्ये ब्रिटिशांविरुद्ध गनिमी युद्ध पेटलेलं. ऑस्ट्रेलियातले आयरिश आर्चबिशप मॅनिक्स न्यूयॉर्कहून ‘बाल्टिक’ बोटीने आयर्लंडला निघाले होते. ८ ऑगस्टला ब्रिटिश विनाशिकेने भर समुद्रात त्यांना उतरवून घेतलं आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावर नेऊन सोडलं. काही दिवसांतच कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅकस्विनी यांनी तुरुंगात अन्नत्याग सुरू केला. न्यूयॉर्कच्या आयरिश बायकांचा एक गट त्याआधीच तयार झालेला होता. एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला ब्रिटिश वकिलातीसमोर त्यांनी फलक घेऊन निदर्शनं केली होती आणि अटकही सोसली होती. मताधिकारवाल्या बायकांनी १९१७ मध्ये व्हाइट हाउससमोर जे केलं, त्यातूनच हे शिक्षण मिळालेलं.

त्यांच्यात डॉ. गर्ट्रूड केली होती. १८६२ मध्ये वॉटरफर्डकडच्या कॅरिक-ऑन-शूर गावी जन्मलेली, लहानपणी अमेरिकेत आलेली, शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर. चेल्सी भागातल्या गरिबांच्या चाळींत जाऊन ती औषधपाणी करायची, आणि लेखणीही धारदार होती तिची. लिओनोरा ओ’रायली होती. आयरिश स्थलांतरितांच्या पोटी जन्मलेली, कोवळ्या वयात कारखान्यात शिवणकामाला लागलेली, पुढे कामगार स्त्रियांची मोठी संघटक झालेली. हेलन गोल्डन होती, नटी आयलीन करन होती.

२७ ऑगस्टला ‘बाल्टिक’ न्यूयॉर्कच्या चेल्सी धक्क्याला उभी असताना या बायका पांढरे पोशाख आणि हिरवे अंगरखे घालून, हातात फलक घेऊन तिथे गेल्या. बोटीच्या भट्टीखान्यातले कामगार काम टाकून खाली उतरले. पाठोपाठ धक्क्यावरचे हमाल. मग बायका एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्यावर चालत गेल्या, ब्रिटिश बोट दिसली की तिथल्या माणसांना हाक घालत, आणि माणसं बाहेर पडत गेली. संप ब्रुकलिनला, न्यू जर्सीच्या किनाऱ्याला आणि पुढे बोस्टनलाही पोचला आणि साडेतीन आठवडे चालला. पगारवाढ नाही, कामाचे तास नाहीत. समुद्रापलीकडच्या एका कैद्यासाठी माणसांनी रोजंदारीवर पाणी सोडलं.

या बायकांनी आणखी एक काम केलं, आणि मला त्याचंच मोल सर्वांत जास्त वाटतं. चेल्सीच्या धक्क्यांवर आयरिश टोळ्या काळ्या कामगारांना फिरकू देत नसत. हे फार जुनं आणि फार घाणेरडं वैर होतं, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. संप फोडायला मालक याच माणसांना आणणार हे उघड होतं. पण संपात काळे हमालही उतरले. काळ्या लोकांचे पुढारी मार्कस गार्व्ही यांच्या हार्लेममधल्या चळवळीने आयरिश लढ्याला उघड पाठिंबा दिला होता. एकमेकांच्या सावलीला उभे न राहणारे लोक काही दिवस का होईना एका रांगेत आले. ते टिकलं नाही. तरीही ते घडलं, आणि ते घडवायला बायकांनी जिवाचं रान केलं.

संपाने मॅनिक्सना आयर्लंडला जाता आलं नाही आणि मॅकस्विनी सुटले नाहीत. ७४ दिवसांच्या उपवासानंतर २५ ऑक्टोबरला ते गेले. नऊ वर्षांनी लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास ६३ दिवसांच्या उपोषणाने गेले, तेव्हा मॅकस्विनींची बहीण मेरी हिने तार करून आपलं कुटुंब हिंदुस्थानच्या दुःखात आणि अभिमानात सहभागी असल्याचं कळवलं. बहिणीने बहिणीसारखं लिहिलं, असं मला ती तार वाचताना वाटलं.

आता तुझ्या प्रश्नाबद्दल माझं मत. बाजूला सारलं गेलं, हे खरंच आहे. १९३७ च्या आयरिश राज्यघटनेत तर स्त्रीचं राष्ट्राला योगदान ते तिच्या घरातल्या जीवनातून, असं कलमच आलं, आणि हॅना त्याविरुद्ध पुन्हा रस्त्यावर उतरली. पण फॅनी, ॲना, क्लीव्हलंडच्या त्या बायका, केली, यांच्यापैकी कोणीही जमवून बाजूला झाली नाही. हिशेबाची वही त्यांच्या हातात होती तोवर त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि ती वही काढून घेतली त्या दिवशी संघटना संपली. म्हणून तू खजिनदारपदासाठी नाव दे. सत्कार, फोटो, व्यासपीठ यावर भांडत बसू नकोस, वही माग. प्रमिलाताईंना आणि त्या नव्या नागपूरकर मुलीलाही बरोबर घे, एकटी उभी राहू नकोस.

दोन कामं करशील का? न्यूयॉर्कला जाशील तेव्हा वेस्ट सतराव्या रस्त्यावर डॉ. केलीच्या नावाचं मुलांचं क्रीडांगण आहे, १९३६ मध्ये नाव दिलेलं. अन्वीला तिथे खेळायला सोड आणि ही बाई कोण होती ते तिला सांग. दुसरं काम चिकाटीचं आहे. ‘आयरिश वर्ल्ड’मध्ये दर आठवड्याला वर्गणीदारांच्या याद्या छापून यायच्या, नाव आणि रक्कम. तुझ्या जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या अंकांच्या फिल्म असतील तर १८८० च्या ऑक्टोबरपासून पुढचे अंक बघ आणि त्यातली बायकांची नावं मला उतरवून पाठव. डॉलर, अर्धा डॉलर, जे असेल ते नावापुढे लिही. ब्रिजेट म्हणून हाक मारलेल्या त्या मुलींची खरी नावं मला माझ्या वर्गात वाचून दाखवायची आहेत.

आईचा गुडघा आता बरा आहे, तुझी आठवण काढते. शिरीषला नमस्कार सांग.

तुझी,
मीरा